उणे तीनवरून निघालेला सूर्य

अशी कल्पना करा, की तुम्ही एका नाट्यगृहात बसला आहात. खुर्ची जराशी करकरते आहे, आणि पुढच्या रांगेतल्या उंच माणसाचं डोकं नेमकं मधे येतं आहे, म्हणून तुम्ही मान वाकडी केली आहे. केलीत का? छान. आता दिवे मंद झाले. रंगमंचावर एक राजा एकटाच उभा आहे. त्याचं राज्य गेलं, मुकुट गेला, सगळे सोडून गेले. मागे काळाकभिन्न डोंगर. पहाट व्हायची आहे. नाट्यगृहात एवढी शांतता, की कुणाला शिंक आली तरी तो ती गिळून टाकील.

राजा दोन्ही हात पसरतो आणि गंभीर आवाजात म्हणतो, "ये, तेजोमया, ये! आता माघार नाही!"

डोंगरामागून सोनेरी किरणांची टोकं वर येतात. मग सूर्याचं कपाळ दिसतं. आणि मग ते कपाळ हळूहळू परत खाली जातं. पाठोपाठ किरणांची टोकंही जातात. राजा हात पसरून तसाच उभा. सूर्याने माघार घेतलेली! राजाला काय करावं सुचत नाही, तोच डोंगरामागून अर्धा सूर्य टुणकन वर उडी मारतो आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात वर वर चढत जातो.

तुम्ही हसला असतात की नाही? खरं सांगा. अहो, त्या दिवशी सगळं नाट्यगृह हसलं. आणि एकदा हसायला लागलेले प्रेक्षक म्हणजे उतारावर सोडलेली हातगाडी. ते पुढे राजाच्या रडण्यालाही हसले.

शेवटच्या अंकात तर कहर झाला. तिथे सूर्य मावळायचा होता. राजा पाठ फिरवून म्हणाला, "गेला तो. आता परतायचा नाही." सूर्य खरोखरच गेला, दिसेनासा झाला. रंगमंचावर रात्र झाली, निळा उजेड पसरला, आणि त्या रात्रीत डोंगरामागून सूर्याचं कपाळ पुन्हा वर आलं. चप्पल विसरलेला पाहुणा दारातून डोकावतो ना, अगदी तसं.

पडदा पडला तेव्हा लोक डोळे पुसत होते, पण हसून हसून.

पडद्यामागे मात्र कुणीही हसत नव्हतं. तिथे एका उलट्या टोपलीवर भिंगरी बसली होती. हे तिचं खरं नाव नव्हे. ती एका जागी टिकत नसे, म्हणून नाट्यगृहातल्या सगळ्यांनी तिचं हे नाव पाडलं होतं. तिची आई तिकीटखिडकीवर बसायची, मामा रंगमंचाची यंत्रं सांभाळायचा, आणि मामाचे वडील, म्हणजे भिंगरीचे आजोबा, खांदा दुखावल्यापासून एका कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसून सगळ्यांवर लक्ष ठेवायचे. तो सूर्य आजोबांनी स्वतःच्या हातांनी केला होता. पत्र्याची गोल थाळी, लाकडी पट्ट्यांचे किरण, त्यांवर सोनेरी वर्ख आणि पोटात दिवे. सगळ्यांत वरचा किरण भिंगरीचा होता. अगदी लहान असताना तिने हट्ट धरला होता, की एक किरण मी लावणार, तो मधोमध हवा आणि सगळ्यांपेक्षा लांब हवा. आजोबांनी तिच्या हाती हातोडी दिली. त्यामुळे तो किरण लांब होता, मधोमध होता आणि चांगलाच वाकडा होता. वर्खाखाली तिच्या अंगठ्याचा ठसा अजून दिसे.

आज मात्र भिंगरी टोपलीवर मुकाट बसली होती, कारण बाई येत होत्या. बाई म्हणजे नाटकाच्या दिग्दर्शिका. त्या रागावल्या की आवाज चढवत नसत, उलट हळू बोलत. आत्ता त्या इतक्या हळू बोलल्या, की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"लोक माझ्या नाटकाला रडायला येतात," बाई म्हणाल्या. "उद्या प्रयोग आहे. उद्या सूर्याला पाहून नाट्यगृहात एक जरी माणूस हसला, तर हा सूर्य भंगारात जाईल. मी पडद्यावर दिव्याने सूर्य पाडून घेईन. दिवा बिचारा सांगितलं तेवढंच करतो."

"बाई, यंत्रात बिघाड आहे," मामा घाईघाईने म्हणाला. "मी रात्रीतून मोटर उघडतो, तेल घालतो."

"काहीही घाला," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

राजाचं काम करणारे गृहस्थ मागेच उभे होते. त्यांना पडद्यामागेही सगळे राजेच म्हणत आणि तेही त्याच तोऱ्यात वागत. ते मिशी काढता काढता म्हणाले, "यंत्रवाले, मी 'माघार नाही' म्हटलं की तुमचा सूर्य माझी फजिती करतो. आमचं काही वैर आहे का?"

"नाही हो राजे. लाजतो तो तुम्हाला."

"मग लाज सोडायला सांगा त्याला!"

आजोबांनी खुर्चीतून सूर्याकडे पाहिलं, आणि भिंगरी टोपलीवरून उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी नाट्यगृहात आली तेव्हा मामा मोटरीचे स्क्रू पुन्हा बसवत होता. हाताला तेल, गालाला तेल, आणि चेहऱ्यावर मोटरीत काहीच सापडलं नसल्याचं दुःख.

"मामा, हे यंत्र चालतं तरी कसं? मला नीट सांग."

पूर्वी आजोबा कप्पीवरून दोर ओढून सूर्य वर घ्यायचे. खांदा गेल्यावर ही मोटर आली. मोटरीशेजारी एक लांबट पेटी होती आणि तिच्यात ओळीने खाचा. एका खाचेत एक लाकडी ठोकळा बसे. प्रत्येक ठोकळ्यावर आकडा होता आणि पोटात पितळेची एक खीळ. त्या खिळीच्या जागेवरून सूर्य कोणत्या उंचीला थांबवायचा हे यंत्राला कळे. मोटर सुरू केली की यंत्र डाव्या हाताच्या ठोकळ्यापासून सुरुवात करी. एक ठोकळा झाला की पुढचा, मग त्याच्या पुढचा.

"शून्य म्हणजे रंगमंचाची फळी," मामा म्हणाला. "तिथे डोंगराच्या खिंडीत सूर्य अर्धा दिसतो. वर एक, दोन, तीन. फळीच्या खाली तळघर. तिथे उणे एक, उणे दोन, उणे तीन. उणे म्हणजे आकड्याआधी ही आडवी रेघ. उणे एकला कपाळ दिसतं, उणे दोनला नुसती टोकं, उणे तीनला सूर्य तळघरात गडप. समजलं?"

"समजलं. मग तू ठोकळे कसे लावलेस?"

"लहानापासून मोठ्यापर्यंत. सूर्य उगवायचा आहे ना! आधी तळघराचे, मग फळी, मग वरचे." मामाने बोट फिरवत ओळ वाचली, "उणे एक, उणे दोन, उणे तीन, शून्य, एक, दोन, तीन. मावळायच्या आधी हीच ओळ उलटी लावायची. बघ, कसं गाण्यासारखं आहे!"

ते गाण्यासारखं होतं, हे भिंगरीलाही पटलं. आणि त्यात नवल नव्हतं. पडद्यामागची सगळी माणसं अशीच मोजत. तळघरात सामान ठेवायच्या फळ्या होत्या. तलवारी 'एक खाली', मुखवटे 'दोन खाली', सिंहासन 'तीन खाली'. कुणीही जिना उतरताना आधी एक खाली, मग दोन खाली असंच म्हणे. या लोकांचं जग रंगमंचाच्या फळीपासून सुरू होत होतं, आणि भिंगरी तर त्याच जिन्यावर रांगत मोठी झाली होती.

"मग सूर्य का लाजतो?" तिने विचारलं.

"ते कळलं असतं तर मी असा काळा झालो असतो का?"

"आपण एकेक ठोकळा काढून बघू या. कोण खोडी काढतो ते सापडेल."

मामाला दुसरं काही सुचत नव्हतं. भिंगरी धावत जाऊन प्रेक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांत बसली, मामाने मोटर सुरू केली, आणि ती ओरडून सांगू लागली.

आधी त्यांनी रेघेचे तिन्ही ठोकळे काढले आणि सूर्य फळीशी आणून ठेवला. उरले शून्य, एक, दोन, तीन. "एकदम शहाण्यासारखा चढला!" भिंगरी ओरडली. म्हणजे वरचे चौघे निर्दोष.

मग खालचे तिन्ही परत घातले आणि फक्त उणे एक काढला, कारण भिंगरीचा संशय त्याच्यावर होता. पहिलं डोकावणं त्याचंच होतं ना! मामाने सूर्य तळाशी नेला आणि मोटर सुरू केली.

"टोकं आली... टोकं गेली! मामा, अजून लाजतोच आहे! फक्त थोडा कमी."

मग उणे दोनही काढला. आता खालचा एकटा उणे तीन उरला. सूर्य मुळीच लाजला नाही. पण अंधारातून एकदम अर्धा सूर्य धाडकन बाहेर आला.

"हा तर कुणाला तरी दचकवायला आल्यासारखा येतो," भिंगरी म्हणाली. "बाईंना तर हळूहळू कपाळ हवं आहे."

मामा ठोकळे हातात घेऊन मटकन खाली बसला. "तिघांना एकत्र बसवलं की भांडतात, आणि वेगळं केलं की पहाट बिघडते. माझी तर मती गुंग झाली."

भिंगरीचीही झाली होती. पण तिची एक सवय होती. काही अडलं की ती त्या वस्तूच्या जागी स्वतः जाऊन उभी राहायची. आईची किल्ली हरवली, तेव्हा ती किल्लीसारखी पलंगाखाली आडवी पडली होती, आणि किल्ली तिथेच दिसली होती. म्हणून ती म्हणाली, "मी सूर्य होऊन बघते."

ती जिना उतरून तळघरात गेली. मामा हातात विजेरी आणि खिशात सगळे ठोकळे कोंबून तिच्यामागे आला. सिंहासनाच्या पलीकडे एक जाड खांब जमिनीतून थेट वर गेला होता. सूर्य याच खांबावरून सरकायचा. खांबावर आजोबांनी रंगाने आडव्या खुणा केल्या होत्या आणि मोटर आल्यावर मामाने त्यांच्यापुढे आकडे घातले होते.

भिंगरी सूर्याखाली, खांबाला पाठ टेकून उभी राहिली. मग वळली आणि वर पाहू लागली. नाकासमोर उणे तीन. त्याच्या वर, हात उंच केला की पोचेल असा, उणे दोन. त्याच्याही वर उणे एक. आणि सगळ्यांत वर छतासारखी रंगमंचाची फळी.

"मामा," ती हळूच म्हणाली, "सूर्य रोज सकाळी इथे असतो?"

"इथेच. तळाशी. दुसरीकडे कुठे असणार?"

"मग त्याला वर जाताना आधी कोण भेटतं?"

मामाने विजेरी खांबावर फिरवली. "उणे तीन."

"आणि मग?"

"उणे दोन. मग उणे एक. मग..." मामा थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आपण वरून मोजतो," भिंगरी म्हणाली आणि जागच्या जागी उड्या मारू लागली. "आपण जिना उतरतो ना, म्हणून! सूर्य उतरत नाही, तो खालून निघतो. तू त्याला आधी उणे एकला बोलावतोस, मग परत खाली पाठवतोस, मग आणखी खाली, आणि मग एकदम फळीवर ये म्हणतोस. त्याने काय करावं? तो लाजत नाही, तो तुझं ऐकतो!"

"थांब, थांब." मामा सहजासहजी हार मानणारा नव्हता. "मी लहानापासून मोठ्यापर्यंतच लावलेत. एकापेक्षा तीन मोठा की नाही?"

"मोठा."

"झालं तर!"

भिंगरीने त्याच्या खिशातले ठोकळे काढले आणि खांबाशेजारी एकावर एक रचायला लागली. मामाच्या ओळीप्रमाणे. सगळ्यांत खाली उणे एक, त्यावर उणे दोन, उणे तीन, मग शून्य, एक, दोन, तीन. छोटासा मनोरा झाला.

"ही तुझी इमारत. आता हिला खांबाशी ताडून बघ."

मामाने बघितलं. खांबावर सगळ्यांत खाली उणे तीन होता, मनोऱ्यात उणे एक. खांबावर फळीच्या लगेच खाली उणे एक होता, मनोऱ्यात उणे तीन. उणे दोन तेवढा दोन्हीकडे मधोमध, निवांत.

"तुझ्या इमारतीत तलवारी सिंहासनाच्या खाली गेल्या," भिंगरी म्हणाली.

"हो गं. पण तीन तो तीनच ना?"

"वरचा तीन एकापेक्षा मोठा, कारण तो एकाच्या वर आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मग खाली, उणे एक आणि उणे तीन यांत वर कोण आहे?"

"उणे एक."

"मग मोठा कोण?"

मामाने डोकं खाजवलं. डोक्यालाही तेल लागलं. "उणे एक? म्हणजे रेघ लागली की तीनचा रुबाब उतरतो?"

"जेवढा खोल, तेवढा लहान. उणे तीन सगळ्यांत खोल, म्हणून सगळ्यांत लहान."

"बरं, तेही मान्य. पण मग शून्य? शून्य म्हणजे काहीच नाही. काहीच नसलेला उणे एकपेक्षा मोठा कसा? उणे एककडे निदान एक तरी आहे!"

हा प्रश्न अवघड होता. मोठमोठ्यांनाही तो पडतो, तेव्हा मामाला हसू नका. भिंगरीने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, त्या पेटीवर चढ आणि उणे एकच्या खुणेला हात लाव."

मामा पेटीवर चढला, खुणेला हात लावायला ताठ झाला, आणि ठण्!

"आई गं!"

"लागलं? कशाला लागलं?"

"रंगमंचाच्या फळीला! आणखी कशाला!"

"ते शून्य. तुझ्या डोक्याच्याही वर आहे. काहीच नाही म्हणतोस, मग लागलं कसं?"

मामा डोकं चोळत खाली उतरला. "शून्य मोठा," तो म्हणाला. "माझं डोकं साक्षीला आहे."

"आता शेवटचं. उणे तीन आणि वरचा एक?"

"एक! अगं, तो तर फळीच्याही वर आहे. वरचा कुठलाही आकडा खालच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच." मामा आता स्वतःच मनोरा पाडून नवा रचू लागला होता. तळाशी उणे तीन, मग उणे दोन, उणे एक, शून्य, एक, दोन, तीन. खांबावरच्या खुणा आणि मनोऱ्यातले आकडे एकमेकांना जुळ्या भावांसारखे शोभू लागले. "आणि मावळताना?" त्याने विचारलं.

"तूच सांग."

मामाने वरून ठोकळे उचलायला सुरुवात केली. तीन, दोन, एक, शून्य. मग सवयीने हात उणे तीनकडे गेला. हवेत थबकला. त्याने भिंगरीकडे चोरून पाहिलं आणि उणे एक उचलला.

"हुश्श," भिंगरी म्हणाली. "पाहुण्याला चप्पल मिळाली."

संध्याकाळी नाट्यगृह खचाखच भरलं. कालच्या फजितीची गोष्ट गावभर झाली होती, आणि निम्मे लोक तर हसायच्या तयारीनेच आले होते. बाई विंगेत उभ्या होत्या, हाताची घडी घालून. आजोबांनी खुर्ची पुढे सरकवून घेतली होती. राजांनी रंगमंचावर जाण्यापूर्वी मामाच्या कानात सांगितलं, "आज मी 'माघार नाही' जरा हळूच म्हणतो. न जाणो."

"मोठ्याने म्हणा, राजे," मामा म्हणाला. पण त्याने स्वतःच बटणावर ठेवायचं बोट दोनदा पुसून घेतलं.

"ये, तेजोमया, ये! आता माघार नाही!"

मोटर गुरगुरली. टोकं आली. थांबली. नाट्यगृहात कुणीतरी हसण्यासाठी श्वास घेतला. टोकांखालून कपाळ आलं. थांबलं. घेतलेला श्वास तसाच राहिला. मग अर्धा सूर्य, मग पुरा, मग डोंगराच्या वर, आणखी वर. राजाच्या चेहऱ्यावर सोनेरी उजेड पसरला आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. समोरच्या अंधारात कुणीतरी नाक ओढलं. मग आणखी कुणीतरी. बाईंनी हाताची घडी सोडली.

मामाचा जीव भांड्यात पडला. भिंगरीने आजोबांच्या गुडघ्यावर ताल धरला.

शेवटचा अंक आला. "गेला तो. आता परतायचा नाही," राजा म्हणाला. तीन, दोन, एक, शून्य. उणे एक, उणे दोन, उणे तीन. सूर्य गेला आणि परतला नाही. रात्र झाली, निळा उजेड पसरला.

आणि डोंगराच्या कडेवर काहीतरी चमकलं. एक सोनेरी टोक. जरासं वाकडं.

तो भिंगरीचा किरण होता. पहाटेच्या अंधारात तो कुणाला दिसला नव्हता आणि काल तर कपाळच दिसत होतं, तिथे टोकाकडे कोण बघतो? पण आज सूर्य नीट तळाशी गेला होता आणि सगळ्यांपेक्षा लांब असलेला तो किरण तेवढा बाहेर राहिला होता.

तिसऱ्या रांगेतून एक इवलासा आवाज आला. "आई, सूर्य झोपला नाहीये! एक डोळा उघडा आहे त्याचा!"

आणि तो पोरगा स्वतःच फिस्सकन हसला, पाठोपाठ आणखी कुणीतरी. फार नाही, एक दोघंच. पण हसलं.

पडदा पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला, तो थांबेचना. बाई पडद्यामागे आल्या त्या वेळी सगळे एका रांगेत उभे होते, शिक्षा ऐकायला उभी राहिलेली पोरं जशी.

"पहाट सुंदर होती," बाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, म्हणून सगळे घाबरले. "मीसुद्धा रडले. पण माझी अट काय होती? एक जरी माणूस हसला तर."

"बाई, तो एवढासा पोरगा होता," मामा म्हणाला.

"पोरगा माणूस नसतो का? तुमच्या सूर्यासाठी मी एवढंच करू शकते. तो वरचा वाकडा किरण कापून टाका. उद्या दुपारच्या प्रयोगाआधी. नाहीतर सगळा सूर्य जाऊ दे."

आजोबा खुर्चीतून उठू लागले. मामाची नजर भिंतीला टांगलेल्या करवतीकडे गेली आणि त्याने ती पटकन दुसरीकडे वळवली. राजांनी खाकरून घसा साफ केला, पण राजांकडेही या प्रसंगाला साजेसं वाक्य नव्हतं.

"कापायला कशाला हवं?" भिंगरी म्हणाली. "सूर्याला अजून खाली नेलं तर?"

"उणे तीनच्या खाली?" मामा म्हणाला. "त्याच्या खाली आकडाच नाही."

"आकडा नसेल, पण जागा?"

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. "जागा आहे," आजोबा म्हणाले. "मी दोर ओढायचो तेव्हा कधी कधी हातभर आणखी खाली जायचा. मी काही आकडे मोजत नव्हतो. मी सोडत जायचो, तो जात जायचा."

"मग त्या जागेला आकडा देऊ या. उणे चार!" भिंगरी म्हणाली. "मामा, पेटीत एक खाच रिकामी आहे, आणि तुझ्याकडे कोरा ठोकळासुद्धा आहे."

मामाने हत्यारांच्या डब्यातून कोरा ठोकळा काढला, त्याच्या पोटातली पितळी खीळ सरकवून पार टोकाला नेली आणि तो तिच्या हातावर ठेवला. रंगाचा डबा आजोबांनी पुढे केला. तिने जीभ बाहेर काढून आधी रेघ ओढली, मग चार काढला. रेघ सरळ आली. चार वाकडा आला.

राजे चिंतेत पडले. "पण बाळ, चार म्हणजे तीनपेक्षा मोठा. उद्या पहाटे हा सूर्य माझ्या डोक्यावरून छपरात तर जायचा नाही ना?"

"राजे, त्या पेटीवर चढून बघा," मामा म्हणाला. "सगळं लख्ख कळतं."

बाई पुढे झाल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं. उद्याच्या पहाटेसाठी मामाने सातही ठोकळे आधीच ओळीने बसवले होते. "आणि हा आठवा कुठे बसणार?" त्यांनी विचारलं. "विचार करून सांग हं. तुझ्या किरणाचा प्रश्न आहे."

भिंगरीने तो ओला ठोकळा दोन बोटांत धरला आणि ओळीच्या उजव्या टोकाला, तीनच्याही पुढे, रिकाम्या खाचेवर नेला. मामाने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. राजांनी छपराकडे पाहिलं. बाईंची भुवई वर चढली. भिंगरीने तिथेच हात थांबवला, मान वळवून एकेकाचा चेहरा सावकाश पाहून घेतला, आणि खुदकन हसली. मग तिने सातही ठोकळे एकेक खाच उजवीकडे सरकवले आणि डाव्या हाताला, उणे तीनच्याही आधी, सगळ्यांत लहान उणे चार टक्कन बसवला.